बीडची पुली

इंजिनाची पुली तुटली तेव्हा गिरणीत सतरा डबे रांगेला होते. आकडा मी विसरत नाही, कारण पुढचे दहा-अकरा दिवस मी ते डबे एकेक करून परत जाताना बघितले.

आधी गिरणीचं सांगते, म्हणजे पुलीचं कळेल. आमचं गाव नांदेडहून लातूरला जाणाऱ्या सडकेपासून दोन कोस आत, अहमदपूरच्या बाजूला. गिरणी म्हणजे वर पत्रे, खाली सारवलेली भुई, मधे दगडाची चक्की, आणि भिंतीला भोक पाडून पलीकडच्या खोपटात इंजिन. इंजिन डिझेलचं, जुनं, धर्माबादच्या एका मोडीत निघालेल्या भातगिरणीतून आणलेलं. आमचे मालक मुदखेडला रेल्वेत गँगवर होते, महिन्यातून एकदा घरी यायचे. त्यांनीच ते ट्रकात घालून आणलं, बसवलं आणि पुन्हा नोकरीवर गेले. चालवायचं आम्ही तिघांनी. मी, माझ्या सासूबाई आणि धाकटे भाऊजी.

इंजिनाच्या पोटातून एक जाड दांडा बाहेर येतो, मिस्त्री लोक त्याला क्रँक म्हणतात. त्या दांड्याच्या टोकावर जे चाक बसवलेलं असतं ती पुली. पुलीवरून पट्टा निघतो तो भिंतीच्या भोकातून चक्कीच्या चाकावर जातो, आणि चक्की फिरते. एवढ्यातलं कुठलंही एक बसलं की सगळंच बसलं. जात्याला एवढा पसारा नसतो, हे सासूबाईंचं त्यावरचं मत.

आता, गावात आमची एकच गिरणी होती असं नाही. वरच्या आळीला एका मोठ्या शेतकऱ्याची विजेवरची गिरणी होती, आमच्यापेक्षा कितीतरी जुनी. तिथं डब्यांच्या दोन रांगा. गावच्या डब्यांची ओट्यावर आणि आमच्या वस्तीच्या डब्यांची खाली, वळचणीला. आमच्या वस्तीनं धम्म घेतला, लेकरं शाळेत गेली, माणसं नोकरीला लागली, पण वळचणीचे डबे वळचणीलाच राहिले. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी हाकलत नव्हतं. ओट्यावरची रांग संपली की खालचे डबे घ्यायचे, एवढंच. आणि ओट्यावरची रांग संपता संपता वीज जायची. सासूबाईंची अर्धी हयात त्या वळचणीला उभं राहण्यात गेली होती.

म्हणून आमच्या गिरणीचा कायदा त्यांनी पहिल्याच दिवशी केला. रांग एक. जो डबा आधी आला तो आधी दळायचा. पाटलाचा असो, वस्तीतला असो, तांड्यावरचा असो. घरचा डबासुद्धा रांगेत. दुष्काळ पडला तसं त्यांनी त्याला एक कलम जोडलं, दळणासोबत इंजिनाला तांब्याभर पाणी आणायचं. इंजिन गार ठेवायला हौदात पाणी लागतं, टँकर यायचा दोन दिवसांआड, आणि आमच्या एका घरच्या घागरींनी तो हौद कुठला भरतो. तर बाया डोक्यावर डबा आणि हातात तांब्या अशा यायच्या. वरच्या आळीच्याही यायच्या, वीज नसली की. त्यांचे डबे आमच्या डब्यांमागं लागायचे आणि सासूबाई तिथं दारात बसून बघत राहायच्या. त्यांचं ते सुख होतं.

पुली एकाएकी तुटली असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे आठवडाभर आधीपासून ती टक्-टक् करत होती. भाऊजी म्हणालेही होते की वहिनी, आवाज बदललाय. मी म्हटलं, दळण संपू द्या, मग बघू. दुष्काळात दळण कुठं संपतंय. बाया दिवसभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायच्या आणि सांजेला आल्या आल्या त्यांना भाकरीला पीठ लागायचं. तर त्या दुपारी टक्-टक् थांबली, खणकन् आवाज झाला, पट्टा सुटून भिंतीवर आपटला आणि चक्की हळूहळू फिरत फिरत उभी राहिली. पलीकडं जाऊन बघते तर पुलीचे दोन तुकडे.

गावच्या लोहाराकडं तुकडे नेले. त्यानं ते एकमेकांवर वाजवले, कान लावून ऐकले आणि परत दिले. म्हणाला, याला टाका बसत नसतो, फुटलं ते फुटलं.

दुसऱ्या दिवशी अहमदपूरहून मिस्त्री आला. दुष्काळात सगळ्या तालुक्याची पाण्याची इंजिनं त्याच्या गळ्यात, त्यामुळं उभ्या उभ्याच आला. तुटक्या पुलीच्या जागी, दांड्याच्या अगदी टोकाला, जिथं उघडं लोखंड चकाकत होतं तिथं त्यानं चिमट्यासारखं माप लावलं, खिशातून कागद काढून दोन ओळी लिहिल्या आणि माझ्या हातात दिल्या. "भाभी, ये लिख्या वैसीच लाना, दुसरी नक्को," म्हणाला आणि सायकलीवर टांग टाकून गेला.

घरात वाचायचं काम माझ्याकडं. शाळा मी बघितली ती बाहेरून. अक्षरं शिकले पुड्यांच्या कागदांवरून आणि लोकांच्या डब्यांवरच्या नावांवरून. भाऊजी चौथीपर्यंत गेले होते, पण वाचण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तर मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. वर लिहिलं होतं, पुली बीडची. खाली आकडे होते, २-१/४.

आकडे मी तारीख समजले. त्या दिवशी तारीख वेगळीच होती, पण म्हटलं, फिरतीवरचा माणूस, त्याला तारखेचं काय भान. आणि बीडचं तर मला जरासुद्धा नवल वाटलं नाही. दिवसच तसे होते. लातूर नुकताच जिल्हा झालेला. परवापर्यंत आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, आज लातुरात. कुठला कागद कुठल्या गावी मिळतो हे तलाठ्यालाही धड सांगता येत नव्हतं. नकलेला इकडं जा, शिक्क्याला तिकडं जा. अशात पुलीला बीडला जा म्हटल्यावर मी कशाला शंका घेते. भाऊजींना म्हटलं, पहाटेची गाडी धरा.

भाऊजी तिसऱ्या दिवशी परत आले, रिकामे. अंबाजोगाईला गाडी चुकली, स्टँडवर झोपावं लागलं. तिथं कुणाकडं काडेपेटीत एकच काडी होती, म्हणून सगळ्यांच्या बिड्या शिलगवायला त्यांनी चिठ्ठी पेटवली. मी कपाळाला हात लावला तर म्हणाले, "वहिनी, चिठ्ठीत होतं काय? दोन शब्द, ते मला पाठ. आणि एक चुकीची तारीख." माझंच वाचन त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

बीडात ते चार दुकानं फिरले. जिथं जातील तिथं बीडची पुली द्या म्हणायचे. दुकानदार म्हणायचा, बीडचीच असते हो, माप बोला. हे म्हणायचे, माप न्हाई, बीडची पाहिजे. चौथ्या दुकानात एका म्हाताऱ्यानं त्यांना बसवलं, पाणी पाजलं आणि समजावून सांगितलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते काय बीड गावात पिकत नाही. तुमच्या लातूरच्या बाजारात ढिगानं पडलंय.

हे सगळं भाऊजी ओसरीत सांगत होते आणि सासूबाई जात्यापाशी बसून ऐकत होत्या.

"बीड म्हंजे तवा की," त्या म्हणाल्या. "माझ्या मायच्या घरी बिडाचा तवा होता. हातातून पडला आन् फुटला."

"मग आत्याबाई, त्या दिवशी मी वाचलं तवा बोलला का न्हाईत?"

"मला काय ठावं. म्हटलं, बिडाची वस्तू हाय, बीडातच चांगली मिळत आसंल."

आज हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी मला रडूसुद्धा येईना, नुसता संताप. भाऊजींवर यावा तर पाठवलं मी. मिस्त्रीवर यावा तर त्यानं लिहिलं ते बरोबर. त्याच्याकडं पुन्हा माणूस धाडला तर तो चाकूरकडं कुठं तरी विहिरीवर गेलेला, चार दिवस येत नाही. आणि सतरातले सहा डबे तोवर गेले होते. वरच्या आळीच्या बाया हक्कानं येऊन घेऊन गेल्या. आमच्या वस्तीतल्या बाया मात्र डबा उचलताना माझ्याकडं बघत नव्हत्या. जाणार कुठं, तर त्याच वळचणीला. एकीनं तर मी पाठमोरी होईस्तोवर वाट बघितली.

सासूबाईंनी जातं मांडलं होतं. त्यांचा उजवा खांदा आधीच धरलेला, हात डोक्याच्या वर जायचा नाही. मी दळते म्हटलं तर खुंटा सोडायच्या नाहीत. मला म्हणायच्या, तू पुलीचं बघ. एकदा मी म्हटलं, आत्याबाई, चार दिवसांचा प्रश्न आहे, एक पायली वरच्या गिरणीतून आणते. त्यांनी जातं थांबवलं.

"पोरी, त्या वळचणीला मी लई उभी राह्यले. तुला काय करायचं ते कर, पर माझा डबा तिथं ठिवू नको."

पुन्हा जातं फिरायला लागलं. घरचा डबा गिरणीतच होता, रांगेत नववा, अर्धा भरलेला. तोही त्या हलवू देत नव्हत्या. जात्यावर दळायचं ते कोठीतल्या ज्वारीचं.

मग मी स्वतः लातूरला निघाले. पुलीचे तुकडे पोत्यात घातले. आणि दांड्याचं मापही असावं म्हणून वाकळ शिवायचा जाड दोरा दांड्याभोवती नीट गुंडाळून, जिथं टोक मिळालं तिथं कापून घेतला. माझ्या परीनं मी लई हुशारी केली होती. लातूर तेव्हा नव्या नवरीसारखं बावरलेलं होतं. जिथं तिथं कचेऱ्यांच्या नव्या पाट्या, काही पाट्यांचा रंग ओला, काही कचेऱ्या भाड्याच्या घरात, आणि रस्त्यात माणसं एकमेकांना विचारताहेत की अमुक साहेब कुठं बसतात. मला त्यातलं काही नको होतं. मला पुली पाहिजे होती.

इंजिनाच्या सामानाचं दुकान सापडलं. दुकानदार कर्नाटकाकडचा असावा, मला अक्का म्हणाला. त्यानं तुकडे जुळवून मधल्या भोकाचं माप घेतलं, मग माझा दोरा मोजला, कागदावर काही तरी भागाकार केला. म्हणाला, दोन्ही जुळतंय, अक्का, तुम्ही चांगलं माप आणलंय. मला बरं वाटलं. पोत्यात नवी कोरी पुली घेऊन, बसमध्ये पायाशी ठेवून, मी घरी आले.

सकाळी आम्ही ती दांड्यावर चढवली. चढली, पण हलत होती. भाऊजींनी खाचेत चावी ठोकली. चावी म्हणजे कुलपाची नव्हे, पुली आणि दांडा एकमेकांना धरून राहावेत म्हणून मारायची लोखंडी पाचर. मग हँडल मारून इंजिन सुरू केलं. दोन मिनिटं गेली असतील, टक्-टक्. तोच आवाज. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. चावी काढली, पुली ओढून काढली, तर आतून गंजलेल्या पत्र्याचे कपटे भुईवर पडले. तेव्हा कुठं उमगलं. जुनी पुली मुळात या इंजिनाची नव्हतीच. धर्माबादला कुणा शहाण्यानं दुसऱ्या इंजिनाची मोठ्या भोकाची पुली आणून, दांड्याला पत्रा गुंडाळून वर ठोकून बसवली होती. तो पत्रा कुजला, पुली हलायला लागली आणि फुटली. दुकानदारानं भोक मोजलं ते मोठ्या पुलीचं, आणि मी दोरा गुंडाळला तो पत्र्यावरून. म्हणूनच दोन्ही मापं अशी गोडीनं जुळली होती. मिस्त्री लोक इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. माझ्या सुतानं मला एका सुतानं फसवलं.

भाऊजी म्हणाले, पुन्हा पत्रा घालू या की. मी म्हटलं, पत्र्यानंच पहिली फोडली. ते म्हणाले, वहिनी, निदान वर्षभर तरी चालंल. मी म्हटलं, आणि वर्षानं तुम्ही बीडला जाल. ते उठून बाहेर गेले. मला नंतर वाईट वाटलं, पण माणूस किती दिवस गोड बोलणार.

त्या दिवशी सासूबाईंचा खांदा सुजला. हात उचलेना, तरी डाव्या हातानं जातं ओढत होत्या. मला ते बघवलं नाही. मी कोठीतली ज्वारी दुसऱ्या एका डब्यात घेतली, त्यांचा डबा नव्हे, अशी मनाची समजूत घातली, आणि पदराखाली धरून वरच्या गिरणीला गेले. ओट्यावर पाच डबे होते. ओट्यावरचा माणूस मला ओळखत होता, गिरणीवाली म्हणून हसला, विचारपूस केली, पुली मिळाली का म्हणाला. आणि बोलता बोलता हनुवटीनं वळचणीकडं खूण केली. त्यात त्याला काही वाटलं नाही, हेच मला लागलं. तिथं खाली आमच्याच गिरणीतून गेलेले डबे उभे होते. त्यांवर मीच कोळशानं घातलेल्या खुणा अजून होत्या. मी माझा डबा त्यांच्या शेजारी ठेवला. दोन तास उभी राहिले. पीठ घेऊन आले, गपचूप पातेल्यात ओतलं आणि भाकरी केल्या.

सासूबाईंनी पहिला तुकडा मोडला, बोटांत चोळला.

"हे लई बारीक हाय," म्हणाल्या.

मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. भाकरी ताटात तशीच ठेवली, कालच्या आंबट कण्या होत्या त्या घेतल्या, आणि उठून पुन्हा जात्यापाशी जाऊन बसल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सगळा राग त्या दांड्यावर निघाला. म्हटलं, तुझ्या अंगावरचा हा सगळा मळ आधी काढते, मग बघते तू किती जाड आहेस. रॉकेलची चिंधी घेतली, चुलीतली राख घेतली आणि करपलेलं पातेलं घासावं तसा दांडा घासायला बसले. पत्र्याचे पापुद्रे, जळकं वंगण, काय काय निघालं. बांगड्या मधे मधे आदळत होत्या. फुटतील म्हणून, हात रॉकेलनं बुळबुळीत झालेलेच होते, उजव्या हातातल्या सहाही सरकवून काढल्या. आता ठेवायच्या कुठं? खाली राखेचा चिखल. समोर घासलेलं दांड्याचं टोक होतं, खुंटीला अडकवाव्यात तशा त्यावर घातल्या आणि घासत राहिले.

थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं. खुंटीला बांगडी घातली तर ती खाली लोंबते. ह्या लोंबत नव्हत्या. ताठ उभ्या होत्या, एकीला एक लागून, जशा हातातच भरल्यात. बोटानं हलवून बघितलं. सरकत होत्या, पण वर-खाली हलायला जागा नव्हती.

आमच्या गावाला एक कासारीण यायची. माझा हात दाबून बघायची आणि दर वेळी एकच म्हणायची, सव्वादोनचा हात हाय बाई तुझा. बांगडीचं माप इंचावर असतं हे मला तिनंच सांगितलेलं. सव्वादोन. मी मनात म्हटलं, दोन आणि वर पाव. दोन, मग एक, मग तिरकी रेघ, मग चार, चारातला एक म्हणजेच पाव. राखेनं भरलेल्या बोटानं मी ते भुईवर लिहून बघितलं. मिस्त्रीनं तारीख घातलीच नव्हती. त्यानं माप लिहून दिलं होतं, मी ते वाचलंही होतं. सव्वा, दीड, पावणेदोन मला तोंडी सगळं येतं, धान्य मोजण्यात माझी कुणी चूक काढली नाही. पण कागदावर सव्वा असा दिसतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं. माझी मलाच इतकी चीड आली की सहा बांगड्या हातात भरताना एक तिथंच दाबून फोडली.

ढिली पुली पोत्यात घालून पुन्हा लातूर. अहमदपूरला गाडीत चढताना रेटारेटीत आणखी दोन फुटल्या. तीन उरल्या. मापाला एक पुरे होती.

दुकानदारानं मला बघितलं आणि पोतं बघितलं.

"काय झालं, अक्का?"

"ढिली हाय. सव्वादोनची द्या."

"माप कशावरनं घेतलं?"

मी हात पुढं केला. तो आधी हाताकडं बघत राहिला, मग म्हणाला, "बांगडीवरनं पुली द्यायला मी काय कासार हाय का?"

"मागल्या खेपेला दोऱ्यावरनं दिली, तवा तुम्ही साळी होता का?"

गल्ल्यावरचा माणूस खाली तोंड घालून हसला. दुकानदारानं बांगडी मागितली, काचेला चरा जाणार नाही अशा बेतानं आतून माप लावलं आणि भुवया वर केल्या. बरोबर सव्वादोन. तरी म्हणाला, नाही बसली तर मी बदलून देणार नाही. मी म्हटलं, नाही बसली तर मी येणारच नाही. मग त्यानं पुली काढली, आणि माझी बांगडी तिच्या भोकाच्या तोंडाशी धरून मला दाखवली. कड कडेला लागली. पोत्यात घालताना त्यानं ती गोणपाटाच्या तुकड्यात नीट गुंडाळून दिली. पुली नव्हे, बांगडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुली बसवली. दांड्याला तेलाचा हात लावला, भाऊजींनी लाकडी ठोकळा ठेवून वरून हलके हलके ठोके दिले आणि ती जागा धरत धरत, कुरकुरत आत गेली. चावी ठोकली. हलवून बघितली, हलेना. पट्टा चढवला. भाऊजींनी हँडल मारलं. मी कान देऊन उभी राहिले. दहा मिनिटं उभी राहिले. टक्-टक् नव्हती.

गिरणीत तेव्हा एकच डबा उरला होता. घरचा. बाकीच्या सोळा जागांवर नुसते गोल ठसे. मी तो उचलायला गेले तर सासूबाई दारात.

"कुठं चाललीस?"

"दळते की, आत्याबाई."

"माझ्याआधी किती हायत?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुणीच न्हाई. गेले सगळे. तर त्या म्हणाल्या, "आठ होते. येऊ दे."

इथं मात्र माझा तोल गेला. म्हटलं, अकरा दिवस झाले, मी दोनदा लातूर केलं, भाऊजींनी बीड केलं, तुमचा खांदा असा सुजलाय, डिझेल जळतंय, आणि तुम्ही रिकाम्या रांगेत नंबर लावून बसलाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डबा माझ्या हातातून काढून, डाव्या हातानंच, नवव्या ठशावर परत ठेवला, आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. मी इंजिन बंद करायला गेले तर म्हणाल्या, "बंद नको करू. ऐकू जाऊ दे."

खडीचं काम गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं होतं. वारा तिकडंच वाहत होता. दिवस कलला तशा बाया यायला लागल्या. सगळ्यात आधी आली ती, मी पाठमोरी होईस्तोवर वाट बघणारी. वरच्या वळचणीतून आपला डबा न दळताच उचलून आणला होता, आणि दुसऱ्या हातात तांब्या. हौदात पाणी ओतलं, डबा ठेवला. ठेवला तो शेवटी, दहावा. सासूबाई म्हणाल्या, तू तिसरी होतीस. ती म्हणाली, असू द्या की. असू द्या चालणार नाही, तिसरी ती तिसरी. मग चौथी आली, पहिली आली, तुझ्याआधी मी, माझ्याआधी तू, असा बायांचा आपसात कालवा सुरू झाला. कुणाचा डबा कुठल्या ठशावर बसतो ते लावून लावून बघत त्यांनी रांग उभी केली. पाचवी आणि सहावी जागा मोकळीच राहिली. त्या दोघी वरच्या आळीच्या. पुढं त्या कधी आल्याच नाहीत.

आपली पाळी आल्यावर सासूबाईंनी डबा स्वतः चक्कीत ओतला. अर्धाच होता, लवकर झाला. त्यांनी पिठात हात घातला, चिमूट घेतली, अंगठ्यानं चोळली. मी बघत उभी. म्हटलं, आता तरी काही बरं बोलतील.

"जरा जाड पडलंय," म्हणाल्या, आणि डबा काखेला लावून भाकरी टाकायला घरी गेल्या.